पेढी आणि मिश्र दुहेरी

भागीदारी हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. मूल लिहावयास शिकण्याआधीच त्याच्या कानावर 'हिस्सा', 'भांडवल', 'उधारी', 'पेढी' हे शब्द पडलेले असतात. दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव आणि कपाटाच्या खणात मुद्रांकाच्या कागदावरील जुने भागीदारीपत्र, ही आपल्या बहुतेक कुटुंबांची ओळख. माझी चौतीस वर्षांची नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली आणि तिचा मोठा भाग कर्ज विभागात गेला. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणारी पेढी आली, की टेबलावर येणाऱ्या कागदांत पहिला कागद भागीदारीपत्राचा असे. अशी शेकडो पत्रे मी वाचली. ती वाचताना एक प्रश्न नेहमी मनात येई. या कागदावर ज्यांची नावे आहेत, ती माणसे खरोखर एकत्र काम करतात काय? त्याचे उत्तर कागदावर कधीच मिळत नसे.

निवृत्तीनंतर या प्रश्नावर विचार करावयास मला एका वेगळ्याच ठिकाणी निमित्त मिळाले. ते ठिकाण म्हणजे ऑलिम्पिकमधील बॅडमिंटनची मिश्र दुहेरी. एक पुरुष आणि एक स्त्री एका बाजूला, तसेच दोघे दुसऱ्या बाजूला, असा हा खेळ. ज्या वाचकांना खेळांची आवड नाही, त्यांनी थोडा धीर धरावा. विषय शेवटी पेढीवरच येणार आहे.

बॅडमिंटनशी आपले नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्यामुळे काही काळ त्याला 'पूना' याच नावाने ओळखले जाई. पुढे इंग्लंडमधील बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव त्याला चिकटले. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायात जाऊन परदेशातील स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळवला, हे माझ्या पिढीला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. आमच्या लहानपणी गावातील बोर्डिंगच्या अंगणात दोन बांबूंना जाळी बांधून आम्ही खेळत असू. शटलला आम्ही फूल म्हणत असू आणि आमचे फूल नेहमी नायलॉनचे असे, पिसांचे नव्हे. त्याचे कारण या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ उशिरा आला. १९७२ साली म्युनिकला तो प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला आणि १९९२ साली बार्सिलोनाला त्याला पदके मिळाली. त्या वर्षी प्रकार चारच होते : पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरी. मिश्र दुहेरी चार वर्षांनी, १९९६ साली अटलांटाला आली. स्त्री आणि पुरुष एकाच बाजूने, एकाच गुणफलकासाठी खेळतील, असे प्रकार ऑलिम्पिकमध्ये तेव्हा मोजकेच होते.

या खेळाचे कोर्ट ४४ फूट लांब आणि दुहेरीसाठी २० फूट रुंद असते. एवढ्या जागेत दोघांनी उभे कसे राहावे, यातच सारे शास्त्र आहे. आक्रमणाच्या वेळी सामान्यतः स्त्री खेळाडू जाळीजवळ पुढे राहते आणि पुरुष मागची बाजू सांभाळतो. वरवर पाहणाऱ्यास वाटते, की मागून जोरात स्मॅश मारणारा खरा खेळाडू आणि पुढची केवळ सोबतीला. प्रत्यक्षात उलट असते. जाळीजवळच्या खेळाडूने फूल इतके खाली आणि इतके अचूक टाकावे लागते, की समोरच्याला ते वर उचलल्यावाचून गत्यंतर राहू नये. ते वर उचलले गेले, की मगच मागच्याला स्मॅश मारता येतो. संधी पुढे तयार होते आणि मागे वसूल होते. आजच्या स्पर्धांत तर स्त्रिया मागच्या रेषेवरूनही तडाखेबंद फटके मारतात आणि पुरुष पुढे धावून जाळी सांभाळतात.

आणखी एक गोष्ट. समोरची जोडी आपला मारा शक्यतो स्त्री खेळाडूवर रोखते, कारण ती बाजू कमकुवत असेल असा तिचा हिशेब असतो. म्हणून मिश्र दुहेरीतील जोडीची पत बहुतेक वेळा पुरुषाच्या ताकदीवर ठरत नाही. त्या माऱ्यापुढे स्त्री किती टिकते आणि फूल कसे परत पाठवते, यावर ती ठरते. कर्ज देताना आम्ही पेढीची पत तिच्या सर्वांत भक्कम मालमत्तेवरून मोजत नसू. ताण आल्यावर पहिली कोणती बाजू ढासळेल, ते पाहत असू. मिश्र दुहेरीतील प्रतिस्पर्धीही तेच पाहतात.

बँकेत असताना आमच्या आंतरशाखीय क्रीडास्पर्धा होत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन वर्षे मी आणि आमच्या शाखेतील रोखपाल बाई मिश्र दुहेरीत जोडीने खेळलो. त्या माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या आणि अंगाने किरकोळ होत्या. पण हात फार चपळ. पहिल्याच सरावाला त्या म्हणाल्या, "साहेब, मी पुढं असताना मागं वळून बघणार नाही. तुम्हाला सगळं कोर्ट दिसतं. तेव्हा 'माझं' की 'तुमचं', हे तुम्ही वेळेवर बोलायचं. बोललात की मी बिनघोर." बाईंचे म्हणणे मला लगेच पटले, कारण बँकेत आम्ही दोघे रोज तेच करत होतो. स्ट्राँगरूमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही आणि संध्याकाळी एकट्याला बंदही करता येत नाही. रोकड कमी भरली तर जाब दोघांना. याला आम्ही संयुक्त ताबा म्हणत असू. मिश्र दुहेरी हा कोर्टावरचा संयुक्त ताबा आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

गुणांची पद्धतही पूर्वी वेगळी होती. डाव १५ गुणांचा असे आणि सर्व्हिस आपल्याकडे असतानाच गुण मिळे. दुहेरीत एकाची सर्व्हिस गेली, तरी जोडीदाराला दुसरी संधी असे. २००६ पासून डाव २१ गुणांचा झाला. प्रत्येक चेंडूफळीला, म्हणजे फुलाच्या प्रत्येक देवघेवीला, कोणाच्या तरी खाती गुण जमा होतो आणि जोडीला सर्व्हिस एकच मिळते. पूर्वीची पद्धत वर्षाअखेरी ताळेबंद मांडण्यासारखी होती. आताची रोज संध्याकाळी मेळ घालण्यासारखी आहे. एकाची चूक दुसऱ्याच्या संधीत झाकून जाण्याची सोय आता उरलेली नाही.

जुन्या पद्धतीतील दोन अंतिम सामन्यांचे आकडे मला बँकरच्या नजरेने फार बोलके वाटतात. २००० साली सिडनीला चीनचे झांग जुन आणि गाओ लिंग यांनी इंडोनेशियाच्या त्री कुशार्यांतो आणि मिनार्ती तिमूर यांच्याविरुद्ध पहिला डाव १-१५ असा गमावला. पुढचे दोन डाव त्यांनी १५-१३ आणि १५-११ असे घेतले व सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी अथेन्सला हीच जोडी ब्रिटनच्या नॅथन रॉबर्टसन आणि गेल एम्स यांच्यासमोर उभी राहिली. या वेळी पहिला डाव त्यांनीच १५-१ असा जिंकला, दुसरा १२-१५ असा गमावला आणि तिसरा १५-१२ असा ओढून आणला. पहिल्या तिमाहीचे आकडे पाहून पेढीबद्दल मत बनवू नये, असे आमचे एक वरिष्ठ सांगत. सिडनीत बुडीत दिसणारे खाते वसूल झाले. अथेन्समध्ये भरभक्कम दिसणारे खाते बुडता बुडता वाचले. दोन्ही वेळा जोडी तीच होती आणि पहिल्या डावानंतर ती एकमेकांवर रुसली नाही, एवढेच दोन्हींत समान.

नाते आणि भागीदारी यांत आपल्याकडे फार गल्लत होते. त्या संदर्भात दक्षिण कोरियातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९९६ च्या पहिल्यावहिल्या मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात दोन्ही जोड्या कोरियाच्याच होत्या. किम डोंग-मून आणि गिल यंग-आ यांनी पार्क जू-बोंग आणि रा क्युंग-मिन यांना हरवले. पुढे किम डोंग-मून आणि रा क्युंग-मिन, म्हणजे जाळीच्या दोन बाजूंचे दोघे, एकमेकांचे जोडीदार बनले. त्यांनी १९९९ आणि २००३ साली जागतिक अजिंक्यपद मिळवले. कालांतराने ते विवाहबद्धही झाले. परंतु जोडीने खेळताना ऑलिम्पिकचे पदक मात्र त्यांना सिडनीत मिळाले नाही आणि अथेन्समध्येही नाही. माणसे गुणी आहेत, मने जुळलेली आहेत, तरी त्या दिवशीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. घरचा जिव्हाळा ही भागीदारीची पूर्वअट असू शकेल. तो तिचा करारनामा नव्हे.

इंडोनेशियाच्या लिलियाना नत्सिर यांची वाटचाल याच्या उलट आहे. २००८ साली बीजिंगला नोव्हा विदियांतो यांच्याबरोबर त्या अंतिम सामन्यात हरल्या. २०१२ साली लंडनला तोन्तोवी अहमद या नव्या, वयाने लहान जोडीदाराबरोबर त्या चौथ्या आल्या. आपल्याकडे एवढ्यावर भागीदारी मोडून, दुकानात भिंत घालून, दोन पाट्या लागल्या असत्या. ती जोडी मात्र टिकली. २०१६ साली रिओमध्ये त्यांनी मलेशियाच्या चान पेंग सून आणि गोह लिऊ यिंग यांना २१-१४, २१-१२ असे हरवून सुवर्णपदक घेतले. तो दिवस १७ ऑगस्टचा, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन होता.

आता अलीकडच्या दोन स्पर्धा. टोकियोची ऑलिम्पिक २०२१ मध्ये झाली. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात दोन्ही जोड्या चीनच्या. झेंग सिवेई आणि हुआंग याचिओंग ही जगातील अव्वल क्रमांकाची जोडी आपल्याच देशबांधवांकडून, वांग यिल्यू आणि हुआंग डोंगपिंग यांच्याकडून, १७-२१, २१-१७, १९-२१ अशी हरली. तिसऱ्या डावात दोन गुणांचा फरक! व्यापारात एवढ्या थोड्या फरकाने गेलेला सौदा माणसाला अधिक सलतो, कारण दोष कोणाचा हे बोटावर मोजता येते आणि मग बोट जोडीदाराकडे वळते. या दोघांनी तीन वर्षे काय बोलणी केली असतील, ती त्यांची त्यांना माहीत. आपल्याला दिसते ते एवढेच, की २०२४ साली पॅरिसला तेच दोघे पुन्हा अंतिम सामन्यात उभे होते आणि तो त्यांनी २१-८, २१-११ असा जिंकला.

त्या सामन्यात हरलेल्या जोडीची कथा मला विजेत्यांहूनही अधिक भावली. दक्षिण कोरियाचे किम वोन-हो आणि जिओंग ना-उन यांना उपांत्य फेरीत आपल्याच देशाच्या, मानांकनात वरचढ असलेल्या सिओ सुंग-जे आणि चे यू-जुंग यांच्याशी खेळावे लागले. सामना २१-१६, २०-२२, २३-२१ असा रंगला. शेवटच्या डावात थकव्याने किम यांना कोर्टावरच उलटी झाली. पिशवी मागवून त्यांनी स्वतःला सावरले आणि पुन्हा खेळावयास उभे राहिले. अशा वेळी दुसऱ्या जोडीदाराची खरी परीक्षा असते. जिओंग ना-उन यांनी डाव ढळू दिला नाही. दोघे मिळून ती लढत जिंकली.

हे किम वोन-हो म्हणजे १९९६ साली याच प्रकारात सुवर्णपदक जिंकणाऱ्या गिल यंग-आ यांचे पुत्र. पदक निश्चित झाल्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा होता, की आजवर मी गिल यंग-आ यांचा मुलगा म्हणून ओळखला गेलो; आता आई किम वोन-हो याची आई म्हणून ओळखली जाईल. वाचकहो, आपल्या पेढ्यांवर वडिलांचे आणि आजोबांचे नाव असते आणि ते नाव राखणे हेच मुलाचे कर्तव्य मानले जाते. येथे एक मुलगा आईच्या कर्तृत्वाचा वारसा सांगत होता, तोही रौप्यपदक हाती असताना. आईकडून वारशात मिळते ते केवळ संस्कार आणि स्वयंपाकाची चव, असे मानणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

आपला देश या प्रकारात ऑलिम्पिकचे पदक अद्याप मिळवू शकलेला नाही. २०१२ साली लंडनला ज्वाला गुट्टा आणि व्ही. दिजू खेळले, पण गटाच्या पुढे जाता आले नाही. तथापि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लेरॉय डिसा आणि कंवल ठाकर सिंग यांनी मिश्र दुहेरीत कांस्यपदक मिळवले होते. त्याच स्पर्धेत डिसा यांनी आपल्या प्रदीप गंधे यांच्यासह पुरुष दुहेरीतही कांस्य घेतले. त्या वर्षी देशात रंगीत दूरदर्शन आले आणि मी बँकेत नुकताच लागलो होतो, म्हणून ते वर्ष पक्के स्मरणात आहे.

त्याहून बोधप्रद उदाहरण २०१८ चे आहे. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताने मिश्र सांघिक सुवर्णपदक मलेशियाला ३-१ असे हरवून जिंकले. अंतिम फेरीची पहिलीच लढत मिश्र दुहेरीची होती. समोर चान पेंग सून आणि गोह लिऊ यिंग, म्हणजे रिओचे रौप्यविजेते. आपल्या बाजूने सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि अश्विनी पोनप्पा. सात्विक तेव्हा १७ वर्षांचा, अश्विनी २८ वर्षांच्या. त्यांनी २१-१४, १५-२१, २१-१५ असा विजय मिळवला आणि भारताची आघाडी सुरू झाली. ताकद लहानाकडे आणि अनुभव मोठीकडे होता. दुसरा डाव गेल्यावरही दोघांनी आपापली जागा सोडली नाही. पेढीत वय पाहून जागा ठरवणाऱ्यांनी या जोडीकडे जरूर पाहावे.

आता पेढीकडे येतो. गेल्या वर्षी माझे मेहुणे त्यांच्या कापड दुकानाच्या नव्या भागीदारीपत्राचा मसुदा घेऊन आमच्याकडे आले. जुन्या पत्रातील त्यांचे थोरले बंधू दिवंगत झाल्यामुळे पेढीची फेररचना करावयाची होती. मसुद्यात मेहुण्यांचा हिस्सा चाळीस टक्के, मुलाचा पन्नास आणि सूनबाईंचा दहा होता. सूनबाईंच्या नावापुढे 'अकार्यरत भागीदार' असे लिहिलेले होते. बँकेच्या खात्यावर सही करण्याचा अधिकार दोघा पुरुषांना.

मी त्या दुकानात अनेकदा बसलेलो आहे. सूनबाई सकाळी अकराला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. सुरतेची आणि भिवंडीची खरेदी त्या फोनवर ठरवतात, जीएसटीची विवरणपत्रे त्यांच्याच हातची असतात आणि तीन वर्षांपूर्वी अडकलेली उधारी त्यांनीच गोड बोलून वसूल केली, हे मेहुण्यांनीच मला कौतुकाने सांगितले होते. म्हणून मी विचारले, "या अकार्यरत कशा?"

मेहुणे म्हणाले, "दाजी, तिच्यावर अविश्वास नाही. पण बाजार आहे. उद्या तिच्या सहीनं काही सौदा अंगावर आला तर? तिचा भाग लहान, तर तिची जोखीम लहान. तिच्याच भल्यासाठी म्हणतोय."

मेहुणे सरळ मनाचे गृहस्थ आहेत. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण तिचा आधार चुकीचा होता आणि हा चुकीचा समज मी नोकरीभर पाहिला आहे. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक भागीदार पेढीच्या कामापुरता पेढीचा अभिकर्ता असतो आणि पेढीच्या देण्यांना प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे, तसेच एकट्यानेही, जबाबदार असतो. नफ्यातील हिस्सा दहा टक्के असो वा दोन टक्के, पेढीचा धनको पूर्ण रक्कम त्याच्याकडे मागू शकतो. टक्केवारी ही भागीदारांची आपापसातील बाब. धनकोला ती बांधत नाही.

मी त्यांना नोकरीतील एक प्रसंग सांगितला. एका पेढीचे खाते थकीत झाले आणि नियमाप्रमाणे सर्व भागीदारांना नोटिसा गेल्या. चार दिवसांनी एक मध्यमवयीन बाई शाखेत आल्या. हातात नोटीस होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवून विचारले, "यात माझं नाव कसं?" त्यांचा हिस्सा पाच टक्के होता. सह्या त्यांनी केल्या होत्या, कारण 'इथे सही कर' म्हणून कागद स्वयंपाकघरात आणून दिले गेले होते. ताळेबंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. माहेरच्या पैशातून घेतलेली लहानशी जागा त्यांच्या नावावर होती आणि आता तीही वसुलीच्या यादीत येऊ शकत होती. मी त्यांना पाणी दिले आणि कायदा समजावून सांगितला. दुसरे काही माझ्या हातात नव्हते.

"कोर्टावर उतरलेल्या बाईवर पहिला स्मॅश येतो," मी मेहुण्यांना म्हणालो. "तिला रॅकेट न देता उभं करणं म्हणजे संरक्षण नव्हे. एक तर तिला भागीदार करू नका, पगारावर ठेवा. आणि भागीदार करणार असाल, तर पेढीची वही, सही आणि शब्द तिच्या हातात द्या. मधला मार्ग कायद्यात नाही आणि धंद्यातही नाही."

मिश्र दुहेरीत नाममात्र भागीदार असूच शकत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. ४४ फुटांच्या कोर्टावर दोघांपैकी एकाला शोभेसाठी उभे केले, तर तो सामना दहा मिनिटांत आटोपेल. पेढीवर ते लक्षात यावयास दहा वर्षे लागतात, एवढाच फरक.

मेहुणे त्या दिवशी काही न बोलता गेले. पंधरा दिवसांनी मुलाला आणि सूनबाईंना घेऊन पुन्हा आले. मुलाने आधीच सांगून टाकले होते, की खरेदीचे काम तिच्याशिवाय त्याला जमणार नाही. नवा मसुदा होता : मेहुण्यांचे तीस, मुलाचे पस्तीस, सूनबाईंचे पस्तीस. सूनबाई कार्यरत भागीदार, म्हणून प्राप्तिकराच्या नियमांत बसेल असे वेतन त्यांनाही. खात्यावर कोणाही दोघांच्या सह्या.

मी सूनबाईंना विचारले, "तुम्हाला यात काही घालावयाचे आहे काय?" त्यांनी मसुदा शांतपणे पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "काका, निवृत्तीचं कलम बघा. भागीदार बाहेर पडला तर त्याला भांडवल आणि नावलौकिकाची किंमत मिळेल, असं पप्पांना आणि ह्यांना आहे. माझ्या बाबतीत नुसतं भांडवल लिहिलंय. ते सारखं करा. मी बाहेर पडणार नाही. पण कलम सारखं असावं."

खोलीत क्षणभर शांतता झाली. सासरे काय म्हणतात, इकडे आमच्या सौ.चे लक्ष होते. मेहुण्यांनी मसुदा पुन्हा हातात घेतला, चष्मा लावला, ते कलम दोनदा वाचले. "हे माझ्या लक्षात कसं नाही आलं," असे ते पुटपुटले आणि पेन काढून 'केवळ' हा शब्द खोडून त्यांनी पुढे दोन शब्द वाढवले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "उद्या वकिलाकडं हिलाच पाठव. हिला वाचता येतं."

ते पत्र १ एप्रिलपासून लागू झाले. पेढी पूर्वीसारखीच चालू आहे. कापडाच्या धंद्याला जे दिवस आहेत ते त्यांनाही आहेत. सूनबाई आणि मुलगा खरेदीवरून अधूनमधून भांडतात, असे ऐकतो. सिडनीपासून पॅरिसपर्यंतच्या जोड्याही सरावात भांडल्या असतील. दुकानात आता एक गोष्ट मात्र वेगळी आहे. सुरतेचा व्यापारी भाव पाडून मागू लागला, की सूनबाई पूर्वी 'घरी विचारून सांगते' म्हणत. आता त्या भाव सांगतात आणि फोन ठेवतात.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरातील भागीदारीपत्र या आठवड्यात कपाटातून काढावे आणि त्यात ज्या स्त्रीचे नाव आहे, मग ती पत्नी असो, सून असो, बहीण असो वा आई, तिला ते पूर्ण वाचावयास द्यावे. नफ्याचे, वेतनाचे, सहीचे आणि निवृत्तीचे कलम तिने आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि पेढीचा मागील ताळेबंदही सोबत घ्यावा. तिने प्रश्न विचारले, तर ते अपशकुन मानू नयेत. जोखीम तिची आधीपासूनच आहे. तिला आपण फक्त किल्ली द्यावयाची आहे.